सोनारीच्या शिवारातली मोळी

सोनारीला आपल्यापैकी पुष्कळजण जाऊन आले असतील. धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्याचे हे गाव. २०२३ पर्यंत या जिल्ह्याचे सरकारी नाव उस्मानाबाद होते, आणि जुनी माणसे अजून त्याच नावाने पत्ता सांगतात. सोनारी म्हटले की श्री काळभैरवनाथाचे ठाणे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांचे हे कुलदैवत आहे. चैत्रात इथे यात्रा भरते, गुलाल उधळला जातो, आणि देवळाच्या आसपास फिरणारी माकडे भाविकांच्या हातातला प्रसाद बिनदिक्कत ओढून नेतात. लहान मुलांना सोनारीची आठवण राहते ती बहुधा या माकडांमुळेच.

पण आज मी आपल्याला देवळात नेणार नाही. देवाचे दर्शन आपण आपले घ्यालच. मला आपल्याला न्यायचे आहे सोनारीच्या शिवारात, एका मोळीच्या मागोमाग. मोळी म्हणजे जळणाची मोळी. आपण म्हणाल, यात काय पाहायचे? मोळ्या तर आमच्या गावातही येतात. येतात खऱ्या, पण आपण त्या कधी उचलून पाहिल्या आहेत काय? मी तरी नव्हत्या पाहिल्या. तीस वर्षे शेतकऱ्यांना सल्ला देत गावोगाव हिंडलो, खताच्या गोण्या उचलल्या, बियाण्याच्या पिशव्या वाहिल्या, पण जळणाची मोळी डोक्यावर घेतली ती यंदाच्या माघात, आणि तीही सोनारीत. ती का घ्यावी लागली, त्याचीच ही हकिगत.

बार्शीहून परंड्याची एस.टी. धरावी. परंड्याला भुईकोट किल्ला आहे. अहमदनगर पडल्यावर निजामशाहीची राजधानी काही काळ या किल्ल्यात होती. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ पूर्वी इथेच होती आणि इथूनच ती विजापूरला नेली, हे आपण शाळेत वाचले असेल. किल्ला पाहून पुढे सोनारीची वाट धरली की मुलूख कसा आहे ते ध्यानात येते. बालाघाटाच्या डोंगररांगेच्या पायथ्याचा हा उतार. पाऊस बेताचा, जमीन कुठे काळी भारी तर कुठे मुरमाड. माघात रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी काढणीला आलेली असते. कुठे काढणी चालू, कुठे कडब्याच्या पेंढ्या बांधलेल्या. अलीकडे सीना-कोळेगावच्या पाण्यावर आणि विहिरींवर ऊसही वाढला आहे. पूर्वी वाटेवर उसाच्या गाड्या दिसत नसत, आता दिसतात.

आणखी एक गोष्ट दिसते. रस्त्याकडेला, ओढ्यात, पडीक रानात जिकडे पाहावे तिकडे वेडी बाभूळ. गावठी बाभूळ मात्र शोधावी लागते. बांधावर उभी असलेली, पिवळ्या फुलांनी मढलेली, शेळ्यांना शेंगा आणि माणसाला सावली देणारी आपली बाभूळ. परंडा ते सोनारी या वाटेवर मी ती मोजत गेलो. पहिल्या काही मैलांत हाताच्या बोटांवर मोजता आली. पुढे मोजणे सोडून दिले.

सोनारीत माझ्या ओळखीची एक वस्ती आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गेलो तेव्हा घरच्या मावशी, त्यांची सून आणि शेजारची एक मुलगी अशा तिघी जळणाला निघाल्या होत्या. मावशींचे वय साठीच्या पुढे. हातात कोयता, खांद्यावर चऱ्हाट, डोक्यावर चुंबळीसाठी जुन्या लुगड्याचा तुकडा. सुनेच्या हातात कुऱ्हाड आणि एक लांब बेळके. मी म्हणालो, "मावशी, मीही येतो." त्या हसल्या. म्हणाल्या, "या की सायेब. पर काटं लागत्याल."

ओढ्यापर्यंतची वाट अडीच किलोमीटरची भरली. तिथे वेड्या बाभळीचे रान माजले आहे. या झाडाशी गाठ घालण्याची रीत पाहण्यासारखी असते. झाड बुडापासून अनेक फांद्यांचे, प्रत्येक फांदी काटेरी आणि एकीत एक गुंतलेली. सरळ आत शिरता येत नाही. आधी बेळक्याने पुढच्या काटेरी फांद्या बाजूला दाबून धरायच्या, मग कोयत्याने बारीक फाटा छाटून वाट करायची, आणि मग मनगटाएवढ्या फांदीवर कुऱ्हाड चालवायची. फांदी तुटली तरी लगेच खाली येत नाही, वरच अडकून राहते. ती बेळक्याने ओढायची आणि ओढताना तोंड बाजूला वळवायचे. काटा डोळ्याजवळून गेला की कळते, ही माणसे हे काम किती सावधपणे करतात ते.

तोडलेल्या फांद्यांवरचे काटे कोयत्याच्या उलट्या अंगाने झोडून काढायचे, हातभर लांबीचे तुकडे करायचे, जाड खाली आणि बारीक वर अशी मोळी रचायची. चऱ्हाटाचा फास ओढताना गुडघा मोळीवर रोवायचा. सैल बांधलेली मोळी वाटेत सुटते, आणि सुटलेली मोळी पुन्हा बांधायला दुप्पट वेळ लागतो. सूनबाई हे सगळे इतक्या सहज करत होत्या की मला वाटले, सोपे असावे. मी एक फांदी तोडायला घेतली. सात-आठ घाव घातले, हाताला घट्टा आला आणि पायाच्या चपलेतून काटा आरपार गेला. मावशींनी काही न बोलता साडीला लावलेली सुई काढली आणि काटा काढून दिला.

(इथे एक सांगून ठेवतो. वेड्या बाभळीचा काटा आत मोडून राहिला तर पाय हमखास पिकतो. काटा पूर्ण काढावा, जखम साबणाने स्वच्छ धुवावी आणि सरकारी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे की कसे ते विचारावे. त्यावर चुना-हळद लावून बसू नये.)

काटा काढता काढता मावशी म्हणाल्या, "सायेब, आमच्या बांधाला बाभळ व्हती, याद हाय का?"

मला आठवण होती. आणि म्हणूनच मी खाली पाहिले.

वाचकहो, ही गोष्ट १९९६-९७ च्या सुमाराची. माझी नोकरी नवी होती आणि डोक्यात कॉलेजातली पुस्तके ताजी होती. या भागात रब्बी ज्वारीच्या कामासाठी मी फिरत असे. मावशींचे मालक तेव्हा हयात होते. त्यांच्या बांधावर, वस्तीपासून शंभर पावलांवर, एक मोठी बाभूळ होती आणि तिच्या रांगेत तीन-चार लहान. बाभळीच्या बाजूची ज्वारी खुरटलेली होती. मी बांधावर उभा राहून त्यांना सांगितले, "ही झाडं तुमची ज्वारी खातात. मुळं पाणी ओढतात, सावली पडते, पाखरं बसतात. काढून टाका, चार पायल्या ज्वारी जास्त होईल." मालक भला माणूस. शिकलेला साहेब सांगतो आहे म्हणून त्यांनी त्याच उन्हाळ्यात झाडे काढली. बुंधा विकला, थोडे लाकूड औताला ठेवले. उरलेले जळण दोन-अडीच वर्षे पुरले. ज्वारीही थोडी वाढली, नाही असे नाही.

मी सांगितलेले पुस्तकाप्रमाणे खोटे नव्हते. पण ते अर्धे होते. त्या झाडाने किती ज्वारी खाल्ली याचा हिशेब मी मांडला. त्या झाडाने किती भाकरी भाजल्या, त्याचा मांडला नाही. मालकांना विचारले, पण मावशींना विचारले नाही. त्या तेव्हा चार हातांवर चुलीपुढे बसल्या होत्या.

"मग जळण संपल्यावर काय केलंत?" मी विचारले.

"काय करायचं? आदी तुराट्या, मग धसकटं, मग गवऱ्या. ते बी पुरंना, मग ह्यो वढा," मावशी म्हणाल्या. रागाने नव्हे. पाऊस कमी झाला असे सांगावे तसे त्यांनी ते सांगितले.

परतताना मी हट्टाने सूनबाईंची मोळी डोक्यावर घेतली. पंचवीस किलोच्या वर असावी. पहिली दोनशे पावले गेली, मग मान आखडली, मग पायाखालची वाट दिसेनाशी झाली, कारण मोळी डोक्यावर असली की मान वाकवता येत नाही. खळगा पायानेच ओळखायचा. निम्म्या वाटेच्याही अलीकडे मी मोळी उतरवली. ती पुन्हा उचलून सूनबाई तशाच चालू लागल्या, आणि वर मलाच म्हणाल्या, "सवय न्हाय ना भाऊ तुमाला."

त्या रात्री मी वहीत आकडेमोड केली. हा हिशेब आपणही आपल्या घरी करून पाहावा. आठवड्यात तीन खेपा, एका खेपेला जाऊन-येऊन पाच किलोमीटर आणि तोडण्या-बांधण्यासकट तीन तास. पावसाळ्याचे महिने सोडले तर वर्षाचे पस्तीस आठवडे. म्हणजे वर्षाला सव्वापाचशे किलोमीटर चाल, त्यातली निम्मी डोक्यावर ओझे घेऊन. आणि तास होतात तीनशे पंधरा. आठ तासांचा एक रोज धरला तर जवळजवळ चाळीस रोज. एका बाईचे वर्षाचे चाळीस रोज! खुरपणीला बाई लावली तर आपण तिला मजुरी देतो आणि वहीत खर्च लिहितो. या चाळीस रोजांचा खर्च आपल्यापैकी कुणाच्या वहीत आहे? चार पायल्या ज्वारी वाढवायला मी काय घालवले होते, ते मला त्या रात्री कळले.

आपण म्हणाल, आता तर घरोघरी गॅस आला. खरे आहे. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरिबांच्या घरी टाकी पोचली. मावशींच्या घरीही टाकी आहे, तिच्यावर फुलाफुलांचे झाकण आहे. पण त्या टाकीवर काय शिजते? चहा, लेकरांचे दूध आणि अवचित आलेल्या पाहुण्याची भाजी. टाकी चौदा किलो दोनशे ग्रॅमची, ती संपली की भरायला रोख पैसे लागतात. आणि रोख पैसे शेतकऱ्याच्या घरात माल विकल्यावर येतात, टाकी मात्र मधेच संपते. म्हणून भाकरी चुलीवर, आमटी चुलीवर, आंघोळीचे पाणी चुलीवर, आणि गुरांचे आंबोणही चुलीवरच. घरात आठ माणसे असली म्हणजे नुसत्या आंघोळीच्या पाण्यालाच किती जळण लागते, ते आपल्या घरातल्या बायकांना विचारा.

आणि नुसते ओझे असते तर एक वेळ चालले असते. चुलीचा धूरही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत पाच वर्षांखालची मुलेही पुष्कळ होती. चुलीपुढे आईच्या मांडीवर बसलेले लेकरू आईइतकाच धूर घेते. ओले लाकूड जाळले तर धूर अधिक. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणीच असते. आपण ते पाणी डोक्यावरून वाहून आणतो, आणि मग चुलीत घालून त्याची वाफ करण्यातच अर्धी आच घालवतो. साध्या चुलीत आधीच लाकडातल्या उष्णतेचा दहावा हिस्सा कसाबसा भांड्याला लागतो, बाकीची वाऱ्यावर जाते.

आता त्या वेड्या बाभळीविषयी. ही मूळची अमेरिका खंडातली. १८७७ च्या सुमारास तिचे बी मद्रास इलाख्यातल्या कडप्पा भागात जळणासाठीच आणून लावले. दुष्काळी मुलखात जळण मिळावे हा हेतू चांगला होता. पण तिच्या गोड शेंगा जनावरे खातात, बी शेणातून रानोरान पडते आणि ती पसरत जाते. एकदा गायरानात शिरली की गवत मारते. मात्र तिचे लाकूड जळायला उत्तम, आच कडक, आणि तोडली की बुडातून पुन्हा फुटते. म्हणून मी कुणाला सांगतो, ओढ्यातली वेडी बाभूळ जरूर तोडा, मिळेल तेवढी तोडा, पण ती मुद्दाम लावू मात्र नका. तिचा कोळसाही चांगला होतो. रायगडकडची कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन देशावर येतात आणि उन्हाळाभर रानात कोळशाच्या भट्ट्या लावतात. मातीने लिंपलेल्या भट्टीत पाच-सहा किलो लाकूड घालावे तेव्हा किलोभर कोळसा हाती येतो. आपल्या शेगडीतला कोळसा असा कुणाच्या तरी घामातून आलेला असतो.

जळणासाठी बाहेरची झाडे आणण्याचे प्रयोग नंतरही झाले. १९८२ साली आपल्या राज्यात सामाजिक वनीकरणाचे वेगळे खाते निघाले. त्या काळात उरळीकांचनच्या 'बायफ' संस्थेने आणि मणिभाई देसाईंनी सुबाभूळ गावोगाव पोचवली. सुबाभूळ झटपट वाढते, छाटली की फुटते, पाला जनावरांना चालतो. मात्र पाल्यात मायमोसिन नावाचे द्रव्य असते, म्हणून एकूण हिरव्या वैरणीत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक सुबाभूळ घालू नये. आणि शेंगा पिकू दिल्या तर तीही रानभर होते. दुसरे झाड नीलगिरी. ते सरळ वाढते, वासे-बल्ल्यांना बरे, पण शेळी तिच्या पाल्याला तोंड लावत नाही.

नीलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाची. तिथल्या झाडाझुडपांच्या रानाला ते लोक 'बुश' म्हणतात. देश श्रीमंत, तरी खेड्यापाड्यांतली पुष्कळ घरे हिवाळ्यात लाकडाच्या शेगडीवरच ऊब घेतात. तिथल्या व्हिक्टोरिया राज्यात सरकारी रानातून घरच्या वापरासाठी जळण नेता येते, पण ठरलेल्या जागेतून आणि ठरलेल्या महिन्यांतच, आणि एका माणसाने दिवसाला दोन घनमीटरपर्यंत. म्हणजे आपली एक बैलगाडी चांगली भरेल एवढे. उभ्या झाडाला, मग ते वाळलेले का असेना, हात लावायचा नाही. पोकळ ओंडकाही उचलायचा नाही, कारण त्यात जनावरे-पाखरे राहतात. खाली पडलेले तेवढे घ्यायचे. त्यांच्याकडे यांत्रिक करवत आणि मोटार आहे, आपल्याकडे कोयता आणि डोके. पण झाड उभे ठेवूनच जळण घ्यायचे, हा त्यांचा नियम आपल्याही आजीचाच नियम आहे. आजीला तो कुणी छापून दिला नव्हता, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या मुलाने बैलगाडी जुंपली. पावसाळ्याची बेगमी एकदाच आणावी म्हणून. हे शहाणपणाचे काम आहे. घरात बैल किंवा शेजारी ट्रॅक्टर असताना बायकांनी वर्षभर मोळ्या वाहाव्यात याला काही अर्थ नाही. माघ-फाल्गुनात दोन-तीन दिवस घरच्या पुरुषांनी कुऱ्हाड घ्यावी आणि वर्षाचे जळण गाडीने आणावे. गाडी भरण्याचेही शास्त्र आहे. जाड ओंडके आसाच्या वर, मधोमध ठेवावेत. मागे वजन जास्त झाले की गाडी उलाळते, पुढे जास्त झाले की जू बैलांच्या मानेवर दाबते. लांब फांद्या पुढे काढल्या तर वळणावर बैलाच्या पुठ्ठ्यात शिरतात. आणि ओढ्याचा चढ असेल तर लोभ न धरता दोन खेपा कराव्यात.

आता माझ्या जुन्या सल्ल्याची दुरुस्ती. ती जितक्या वस्त्यांवर पोचेल तितकी पोचावी, एवढ्यासाठीच हा लेख.

बांधावरची बाभूळ, लिंब, बोर मुळासकट काढू नका. फांद्या घ्या, बुंधा ठेवा. गावठी बाभूळ एकदा बुडातून तोडली की ती वेड्या बाभळीसारखी भरवशाने फुटत नाही, म्हणून तिच्यावर कुऱ्हाड घालताना दहा वेळा विचार करा. एका वर्षी डेऱ्याचा तिसरा हिस्सा छाटावा, तोही खालच्या अंगाचा. सावली कमी होते, जळण मिळते, झाड जगते. छाटणी उन्हाळ्याच्या तोंडी करावी. फांदी तोडताना आधी खालून एक घाव घालावा, मग वरून तोडावी, म्हणजे साल सोलत खोडापर्यंत जात नाही. घाव तिरका असावा, त्यावर पाणी साचू नये. आंबा, चिंच, साग अशा झाडांना परवानगीशिवाय हात लावता येत नाही. त्यांच्यासाठी १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. झाड तोडण्याआधी आणि लाकूड गावाबाहेर नेण्याआधी वनखात्याच्या कचेरीत विचारून घ्यावे, म्हणजे पुढची कटकट टळते.

जाड लाकूड ओले असतानाच फोडून ठेवावे. गाठाळ बाभूळ वाळली की पाचर आणि घण लावूनही दाद देत नाही. फोडलेले लाकूड दगडांवर आडव्या दांड्या टाकून त्यावर रचावे, म्हणजे वाळवी लागत नाही आणि खालून वारा खेळतो. घराच्या भिंतीला लागून रचू नये. लाकडांत विंचू आणि फुरसे दडते. जळण काढताना आधी काठीने ठोकावे, अंधारात हात घालू नये. आणि साप चावलाच तर मांत्रिकाकडे नव्हे, तडक सरकारी दवाखान्यात न्यावे. प्रतिविष तिथेच असते.

घरी चार-पाच जनावरे असतील तर गोबर गॅसचा विचार अवश्य करावा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण पन्नास किलो शेण लागते. शेण गोवरी होऊन धुरात जात नाही, गॅसही मिळतो आणि मळी शेतात खत म्हणून जाते. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी धुराड्याची चूल घालावी. मागे अशा निर्धूर चुली गावोगाव वाटल्या गेल्या, पण धुराडे काजळीने बुजले आणि बायकांनी चुली मोडून टाकल्या. धुराडे महिन्या-दोन महिन्यांनी साफ करणे हे घरच्या पुरुषाचे काम आहे असे समजावे.

राहिला प्रश्न नवी झाडे लावण्याचा. ज्वारीला सावलीचा त्रास होतो हे खरेच आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कलता असतो, म्हणून सावली झाडाच्या उत्तरेला लांब पडते. दक्षिणेच्या बांधावर झाड असेल तर आपली ज्वारी खुरटेल, उत्तरेच्या बांधावर असेल तर शेजाऱ्याची, आणि मग बांधाचे भांडण! म्हणून झाडे ओढ्याच्या काठाला, विहिरीजवळ, वाटेला, वस्तीच्या भोवती, खळ्याच्या कडेला लावावीत. मुरमाड तुकडा पडीकच असेल तर त्यात बाभूळ पेरावी. बाभळीच्या मुळांवर डाळवर्गाच्या पिकांसारख्या गाठी असतात, त्या जमिनीला नत्र देतात. शिवाय डिंक, शेळ्यांना शेंगा, औताला लाकूड. जळण हे तिचे शेवटचे देणे आहे, पहिले नव्हे.

निघायच्या दिवशी संध्याकाळी देवळात गेलो. यात्रेला अजून अवकाश होता, तरी लांबून आलेल्या एका कुटुंबाने जवळच झाडाखाली तीन दगडांची चूल मांडून नैवेद्याचा स्वयंपाक चालवला होता. धूर वर चालला होता, फांदीवर माकडे बसून वाट पाहत होती. घरातली म्हातारी काटक्या मागत होती आणि नातू टेम्पोतून लाकडे आणून देत होता. लाकडे गावाहूनच बांधून आणली होती. देवाच्या दारी आले तरी जळण घरून आणावे लागते, असे दिवस आले आहेत.

वस्तीवर निरोप घ्यायला गेलो तर मावशी शेळ्यांच्या कोंडवाड्यात खाली बसून काही वेचत होत्या. हातातल्या सुपात काळसर बी. बाभळीचे! शेळ्या रानात शेंगा खातात, रात्री रवंथ करताना बी तोंडाबाहेर टाकतात, काही लेंडीतून पडते. असे बी लवकर आणि चांगले उगवते, हे आम्हाला कॉलेजात शिकवले होते. मावशींना ते कुणी शिकवले नव्हते, तरी ठाऊक होते.

"मिरगाचा पाऊस पडला की बांधाच्या कडंनं टोकायचं," त्या म्हणाल्या. "वढ्याकडंच्या बांधाला. तितं ज्वारीला तरास न्हाय."

मी म्हणालो, "मावशी, बी टोकायला मी येतो. राखणीला कुंपणही करून देतो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "येतो म्हनता, तर या. पर आता येताना काय नवीन सांगू नका."

मृगात मी सोनारीला जाणार आहे. आपल्यापैकी कुणी त्या सुमारास काळभैरवनाथाच्या दर्शनाला निघालात तर वाटेत गावठी बाभूळ दिसेल तिथे थांबून तिच्या चार शेंगा पिशवीत घाला. शेंगा वैशाखापर्यंत पिकतात. त्या घरच्या शेळीपुढे टाका, सकाळी बी वेचा, आणि पहिल्या पावसाला आपल्या ओढ्याच्या काठाला टोका. पाच-सहा वर्षे राखण करावी लागेल. त्यानंतर आपल्या घरातल्या बाईची एक वाट कमी होईल.